चोपण

"या अणूबाई, या!" निशाने अंगणात पाऊल टाकलं न टाकलं तोच कडुबा मामा ओरडला. "कामून आलीस? आम्ही मेलो का जगलो ते बघाया?"

"जयभीम, मामा."

मामाने जयभीम परत दिला नाही. भावकीत कितीही कडू भांडण असो, जयभीमला जयभीम मिळायचाच. आज तो मिळाला नाही. लिंबाखाली बसलेली माणसं फिदीफिदी हसली. त्यातल्या एकाने तोंडाला दस्ती लावली आणि "सरका रे, किरणं येतील" म्हणत अंग चोरलं.

निशा मुकुंदवाडीत वाढलेली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागली होती, प्रयोगशाळेत. कारखाना अणुवीज केंद्रांसाठी पोलादी नळ्या बनवायचा. नव्या कोऱ्या, आरशासारख्या नळ्या. त्यांच्यात किरणोत्सर्ग शोधणं म्हणजे दुकानातून आणलेल्या कुकरात कालचं वरण शोधणं. पण गेटवरच्या फलकावर 'अणुऊर्जा' हा शब्द लागला आणि गावात कारखान्याचं नाव 'अणूवाली कंपनी' पडलं. त्याच हिशेबाने निशाची अणूबाई झाली. मामाचं गाव कारखान्याच्या भिंतीला लागूनच होतं, त्यामुळे नाव तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

गुरुवारी मुंबईहून खरेदीदारांचं पथक येणार होतं. अणुविजेचा निसर्गावरचा भार पुरवठादारापासूनच कमी करायचा, असं त्यांच्याकडे ठरलं होतं. जो कारखाना सगळ्यात कमी कचरा काढेल, त्याला पुढच्या मोठ्या कामात पहिला मान. आणि त्याच गुरुवारी मामा गेटवर मोर्चा आणणार होता. त्याची समजूत काढायला कंपनीच्या साहेबांनी निशाला पाठवलं होतं.

"मामा, तिथं किरणं नाहीत. मी रोज आत असते."

"मंग विहिरीला काय झालं? तुझ्या मामीची लिली कशानं जळाली? भानामतीनं?"

"तेच बघायला आलेय."

"बघायचं काय त्यात? टीव्हीवाल्याला सांगून ठिवलंय मी. अणू म्हणलं की गाडी काढून पळत येतो त्यो. ॲसिड म्हणलं तर म्हणतो, ते तर सगळीकडंच हाय."

पारूबाई मामी तोवर खुरपं घेऊन दारात आली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, भाचीकडेही नाही. "चल," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

मामीचं रान कारखान्याच्या भिंतीला खेटून होतं. भिंतीच्या आतल्या बाजूला कंपनीने झाडांचा हिरवा पट्टा लावला होता, आणि नळ्या धुतलेलं पाणी शुद्ध करून त्याच झाडांना सोडलं जायचं. 'शून्य विसर्ग. एक थेंबही बाहेर नाही.' असा फलक पट्ट्यावर उभा होता. भिंतीच्या या बाजूला मामीची लिली होती. हारवाल्यांना कळ्या विकून मामीने दोन पोरी उजवल्या होत्या. आता पात्यांची टोकं विडीने जाळल्यासारखी तपकिरी झाली होती.

"हात लाव मातीला," मामी म्हणाली.

निशाने हात लावला. वर पांढुरका पापुद्रा, खाली सिमेंटसारखी घट्ट जमीन. कालचं पाणी अजून सरीत साचून होतं, मुरलं नव्हतं.

"चोपण झालं समदं. पाणी पीत नाय अन् खुरपं घेत नाय. तुमची झाडं लागली तवापासून."

निशा उकिडवी बसून ढेकूळ बोटांत फिरवत राहिली. चोपण जमीन तिने पुस्तकात वाचली होती. सोडियम वाढलं की काळ्या मातीचे कण फुगतात आणि पाण्याच्या वाटा बुजतात. त्यावरचा उतारा कॅल्शियम. आणि कंपनीत धुतलेल्या पाण्यातलं ॲसिड मारायला चुना वापरतात, म्हणजे कॅल्शियमच. कंपनीचं पाणी इथे झिरपलं असतं तर जमीन भुसभुशीत व्हायला हवी होती. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग तोच विचार उलटा फिरला: चुनाच नसेल तर?

"हे आमचं पाणी असेल," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तर यात चुना सापडायला हवा."

"आमचं म्हणालीस?" मामीने विहिरीच्या काठावरचा लोटा भरला आणि तिच्या नाकासमोर धरला. "तुमचं पाणी व्हय? घे मंग. पी."

निशाने लोटा घेतला. तो तोंडापर्यंत गेला नाही. तिने पिशवीतली बाटली काढली आणि पाणी तिच्यात ओतलं.

"कळलं," मामी म्हणाली आणि पाठ फिरवून खुरपायला बसली.

गावाच्या वरच्या अंगाला शाळेची कूपनलिका होती. जाता जाता निशाने तिचंही पाणी भरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताच ती आधी चुन्याच्या शेडमध्ये गेली. शेडमध्ये सायकली लावलेल्या होत्या. सांडपाण्याच्या टाकीशेजारी कॉस्टिक सोड्याची पोती रचलेली होती, छतापर्यंत. कॉस्टिक म्हणजे सोडियमच.

प्रयोगशाळेत तिने दोन परीक्षानळ्यांत गुलाबी रंगद्रव घेतलं. पाण्यात फ्लोराइड असेल तर गुलाबी उडून पिवळं होतं. शाळेच्या पाण्याने गुलाबी गुलाबीच राहिलं. मामीच्या विहिरीच्या पाण्याने ते हळदीसारखं पिवळं झालं. तिने तीच चाचणी पुन्हा केली, मग परीक्षानळ्या बदलून आणखी एकदा. हळद काही हटली नाही.

अमेय सर तिच्या मागे कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही. पर्यावरण विभाग त्यांच्याकडे होता. तिची मुलाखत त्यांनीच घेतली होती, आणि "मला प्रश्न विचारणारी माणसं लागतात" असं तेव्हा म्हणालेही होते.

"काय चाललंय?"

"सर, आपण चुना कधी बंद केला?"

"गेल्या वर्षी. का?"

"नळ्या नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडात बुडवतो. चुना टाकला की फ्लोराइड गाळ होऊन खाली बसतं. कॉस्टिकने बसत नाही. पाण्याचा पीएच सात येतो, पाणी निवळ दिसतं आणि फ्लोराइड तसंच झाडांना जातं. झाडांकडून विहिरीत."

"पीएच सात येतो ना? मग झालं."

"पीएच फ्लोराइड मोजत नाही, सर."

अमेय सरांनी स्टूल ओढलं, पण बसले नाहीत. "ऐक. चुन्याने डोंगराएवढा गाळ व्हायचा. घातक कचरा म्हणून तो ट्रकने लांब पाठवावा लागायचा. मी चुना बंद केला आणि गाळ निम्म्याहून खाली आणला. गुरुवारी पथक येतंय ते याचसाठी. आपण कचरा कमी केलाय."

"कमी नाही केला. पाण्यात घालून भिंतीपलीकडे पाठवला."

"मराठवाड्यात फ्लोराइड जमिनीतच असतं. पुस्तकं वाचली असतील तर माहीत असेल."

"शाळेची कूपनलिका त्याच गावात आहे. ती गुलाबी आहे."

"तुला मामाने पाठवलंय का हे करायला?" सरांचा आवाज चढला. "तुमच्या लोकांना जिकडे तिकडे अन्यायच दिसतो."

"कोणत्या लोकांना, सर?"

शेजारच्या टेबलावर काम करणारे दोघे मान खाली घालून वजनकाट्याकडे बघत राहिले. काटा शून्यावर होता.

"गावातल्या," सर शेवटी म्हणाले. त्यांनी दोन्ही परीक्षानळ्या उचलल्या, बाटल्याही उचलल्या, आणि सगळं बेसिनमध्ये रिकामं केलं. "गुरुवारी तू किरणोत्सर्गाचं मीटर धरायचं. गावाला शून्य दाखवायचं. बाकी मोजायला तुला कोणी सांगितलेलं नाही. आणि मीटरचा आवाज बंद ठेव."

प्रयोगशाळेची किल्ली त्या दिवसापासून त्यांच्या खिशात राहू लागली.

गुरुवारी गेटसमोर सगळं गाव लोटलं होतं. टीव्हीवाल्याने तिपाई उभी केली होती. कडुबा मामाने गळ्यात निळा गमछा घातला होता आणि हातात कर्णा. गेटच्या आत मांडव, खुर्च्या, हार. पथकाच्या प्रमुख करुणा मॅडम, पिकल्या केसांच्या, उन्हाने कपाळाला आठ्या पडलेल्या, घोषणा ऐकून गळ्यातल्या हारासकट मांडवातून उठून गेटवर आल्या होत्या.

"अणूवाली कंपनी!"

"हटाव! हटाव!"

मामीने विहिरीचं पाणी भरलेली कळशी आणून गेटसमोरच्या स्टुलावर आदळली. "घ्या. मोजा."

अमेय सरांनी हसऱ्या चेहऱ्याने निशाकडे बघितलं. निशाने मीटर कळशीवर धरलं. आवाज तिने बंद केला नव्हता. जे मोजतोय ते लोकांनी ऐकावं, असं तिला वाटलं होतं, आणि चूक तिथेच झाली.

टिक.

पुढची माणसं एक पाऊल मागे सरली.

टिक. टिक.

"वाजलं!" कुणीतरी किंचाळलं. "वाजलं रे वाजलं! किरणं!"

"अहो, हे सगळीकडे वाजतं!" निशाने मीटर कळशीपासून लांब नेलं, गेटवर धरलं, स्वतःच्या पोटावर धरलं. टिक. टिक. "आभाळातून येतं, जमिनीतून येतं, आपल्या हाडांतही असतं थोडं!"

"ऐका! आता हाडात बी घातलं म्हणतीय!" मामा कर्ण्यातून गरजला.

"तुला आवाज बंद कर म्हणून सांगितलं होतं," अमेय सर दात आवळून तिच्या कानाशी म्हणाले. "जाणूनबुजून केलंस."

मातीचं एक ढेकूळ येऊन फलकावर फुटलं. दुसरं निशाच्या खांद्यावर बसलं. ते चोपण रानातलंच असावं, दगडासारखं लागलं. तिने मीटर बंद करून स्टुलावर ठेवलं, पुढे झाली आणि मामाच्या हातातला कर्णा हिसकला.

"मामा, गावची पाणी तपासायची पेटी कुठंय?"

"कुठली पेटी?"

"सरकारने गावाला पाणी तपासायला दिलेली पेटी. तुम्हीच सही करून घेतली. तुमच्या कपाटावर आहे, खोक्यावरची पट्टीसुद्धा काढलेली नाही."

"तिच्यानं किरणं नाय मोजता येत."

"म्हणूनच आणा."

मामा जागचा हलला नाही. मामी हलली. घर हाकेच्या अंतरावर होतं. ती पेटी काखोटीला मारून आली आणि दाताने पट्टी फाडली.

निशाने दोन परीक्षानळ्यांत गुलाबी रंग घेतला आणि उंच धरल्या. एकीत शाळेचं पाणी टाकलं. ते पुढे उभ्या असलेल्या बाईने शाळेच्या कूपनलिकेवरून प्यायला भरून आणलेल्या बाटलीतलंच होतं. दुसरीत कळशीतलं टाकलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक गुलाबी राहिली आणि दुसरी पिवळी पडली.

"हे विहिरीचं. यात फ्लोराइड आहे. यानं दात खराब होतात, मग हाडं. किरणं नाहीत, मामा, एकही नाही. पण पाणी पिण्यासारखं नाही, आणि हे कंपनीतून आलंय. आधी चुना टाकायचे तेव्हा ते गाळात बसायचं. गाळ नको म्हणून चुना बंद केला."

आता दोन्ही बाजू तिच्यावर तुटून पडल्या.

"किरणं नायत?" मामाचा चेहरा उतरला. "मंग टीव्हीवाल्याला काय सांगू? पिवळं पाणी?"

टीव्हीवाल्याने तिपाईचे पाय मिटायला सुरुवात केलीच होती.

"अन् कंपनी बंद पडली तर?" ॲसिडच्या टाकीवर काम करणारा गावातलाच एक जण ओरडला. "माझं पोर तुझ्या पेटीतलं पाणी पिऊन जगंल का? सटवी कुठची!"

"ही आता आमच्या कंपनीत नाही," अमेय सर करुणा मॅडमना म्हणाले. "हे तिचं वैयक्तिक..."

"गावठी पेटीने केलेली चाचणी मी धरत नाही," करुणा मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. मॅडम वाकल्या, पिवळी परीक्षानळी उन्हात धरून बघितली आणि बोलताना अमेय सरांकडे वळल्या. "माझी माणसं आत्ता स्वतः पाणी घेतील. विहिरीतून आणि तुमच्या टाकीतून, दोन्हीकडून. मला एवढंच सांगा, चुना बंद केलाय?"

"गाळ कमी करायला... तुमचंच उद्दिष्ट होतं, मॅडम."

"आमचं उद्दिष्ट होतं," मॅडम म्हणाल्या. "त्याचा पहिला नंबर द्यायला आले होते मी." गळ्यातला हार काढून त्यांनी कळशीशेजारी स्टुलावर टाकला. "निकाल येईपर्यंत एकही नळी उचलणार नाही आम्ही."

नळ्या अडल्या तशी कारखान्यातली जादा पाळी बंद झाली, आणि त्याचा राग गावाने काढला तो निशावर. तिच्या स्कूटीच्या सीटवर कुणीतरी चुन्याने 'अणूबाई' लिहिलं. कंपनीने तिला गेटच्या आत घेतलं नाही. ती मुकुंदवाडीत बारावीच्या शिकवण्या घेऊ लागली. रसायनशास्त्र शिकवताना पोरं विचारायची, "मॅडम, तुम्हीच का त्या?"

निकाल पिवळाच आला. हिरव्या पट्ट्याची पाइपलाइन कापली गेली, फलक उतरला, सायकली उन्हात गेल्या आणि शेडमध्ये चुना आला. मामीच्या घरी कंपनीचा पिण्याच्या पाण्याचा टँकर येऊ लागला. हे सगळं निशाला बाहेरूनच कळत होतं. मामाकडून फोन नव्हता. मग एका सकाळी मामीचा आला. "तुझ्या मामानं गाडी अडवलीय. ये." फोन कट.

गावाच्या रस्त्यावर बोराटीचं कुंपण आडवं टाकलेलं होतं, पुरुषभर उंच, काट्यांचं. पलीकडे ट्रक उभा. ट्रकवर पांढऱ्या गोण्या, प्रत्येकीवर घातक कचऱ्याची कवटी. बोराटीच्या अलीकडे बाजेवर मामा बसलेला, भोवती तीच लिंबाखालची माणसं.

"आली बघा," मामा म्हणाला. "आता सांग. त्या दिशी म्हणलीस किरणं नायत. मंग ह्या कवट्या कशाच्या? अणूचा कचरा गावातनं नेतेत, दिवसाढवळ्या!"

"हा गाळ आहे, मामा. चुना परत आला म्हणून गाळ परत आला. तो नीट झाकून पुरायच्या जागेवर चाललाय."

"गाळ नको म्हणून चुना बंद केला तर बोंबललीस. आता गाळ निघाला तर न्या म्हणतीस. तुझी एक बाजू धर की!"

माणसं हसली. निशाला रडूही येत होतं आणि या माणसाच्या कानाखाली वाजवावीशीही वाटत होती. ती मामीकडे वळली. मामी कमरेवर हात देऊन गोण्यांकडे बघत होती.

"ह्यात काय हाय?" मामीने विचारलं.

"जे तुझ्या विहिरीत उतरत होतं, ते."

"समदं?"

"सगळं नाही. नायट्रेट चुन्याला जुमानत नाही, ते पाण्यातच राहतं. ते पाणी आता टँकरने प्रक्रिया केंद्रात जातं. फ्लोराइड मात्र बहुतेक यात आहे."

"अन् गाडी हितंच ऱ्हायली तर?"

"पावसात गोण्या फुटतील. मग परत आपल्याच ओढ्यात."

मामीने पदर खोचला आणि बोराटीला हात घातला.

"पारू!" मामा बाजेवरून उठला. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय! मी शब्द दिलाय लोकास्नी!"

"इज्जत पेर त्या रानात," मामी काटे ओढत म्हणाली. "बघ उगवती का." काट्याने तिच्या मनगटावर लांब ओरखडा उठला. ती थांबली नाही. निशा दुसऱ्या टोकाला गेली. दोघींनी मिळून बोराटी रस्त्याच्या कडेला फरफटत नेली. माणसांपैकी कुणी मदत केली नाही, कुणी अडवलंही नाही. ड्रायव्हरने एक शिवी हासडली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि पांढऱ्या गोण्या डुलत हायवेकडे गेल्या.

धूळ खाली बसल्यावर निशाने पेटी उघडली. विहिरीचं पाणी, गुलाबी रंग. तिघं वाकून बघत राहिले. मामासुद्धा, जरा लांबून, बघत नसल्यासारखा.

पिवळं.

"फिकं झालंय," मामी म्हणाली.

"तसंच आहे, मामी. विहिरीला वेळ लागेल. किती ते मला ठाऊक नाही."

"अन् रान?"

"रानाला जिप्सम लागेल. ट्रॉल्याच्या ट्रॉल्या. मग पाणी देऊन देऊन सोडियम खाली धुवायचं. तेही त्या विहिरीच्या पाण्याने नाही."

"त्याचा खर्च कोण करंल?" मामाने इकडे न बघता विचारलं.

"ज्यानं चोपण केलं त्यानं करायला हवा."

मामाने चप्पल घातली, रस्त्याकडेच्या बोराटीपाशी गेला आणि तिचा बुंधा पायाने चाचपला.

"काय करायलात?" मामी खेकसली.

"गेटाम्होरं नेऊन टाकतो. जिप्सम येईस्तवर एक गाडी आत जाऊ देत नाय."

"टीव्हीवाला यायचा नाही याला," निशा म्हणाली.

"नाय तर नाय. बोराटी हाय ना." त्याने लिंबाखालच्या माणसांना हाक मारली. ती कुरकुरत उठली. निशाने पेटी मामीच्या हातात दिली, स्कूटीला किक मारली आणि निघाली.

"ए अणूबाई!" मागून आवाज आला.

तिने मान वळवली. मामा काट्यांत वाकलेला होता. वर बघितलंही नाही त्याने.

"जाताना जयभीम घालायची रीत मोडली का मुकुंदवाडीत?"